चार, बिब्बा, मोई : सातपुड्याचे आम्रकुल

आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा आणि मोई ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. वनस्पतिशास्त्रात त्याला आम्रकुल म्हणतात. जगभरात या कुळाच्या सुमारे 80 प्रजाती आणि 800 हून अधिक जाती आहेत. इराण, तुर्कस्तान, लेबनॉनमध्ये कबाबावर आणि भातावर जी आंबट लाल पूड भुरभुरतात, ती याच कुळातल्या सुमाक नावाच्या झुडपाच्या फळांची. उत्तर अमेरिकेतल्या सुमाकाच्या जाती मुळांतून फुटवे काढत उतारांवर पसरतात आणि माती धरून ठेवतात. त्यांची फळे झाडावरच वाळून राहतात, म्हणून हिवाळ्यात इतर खाद्य संपल्यावर ती पक्ष्यांच्या कामी येतात. ज्या झाडाच्या चिकापासून जपानी कारागीर भांड्यांवर काळे-तांबडे रोगण चढवतात, तेही सुमाकाच्या जवळच्या नात्यातले.

दख्खनमध्ये सुमाकाची जवळची सगी म्हणजे आमोणी. कोरड्या, दगडी टेकड्यांवर वाढणारे हे लहान तीनपानी काटेरी झुडूप गुराख्यांपलीकडे फारसे कोणाच्या नजरेत भरत नाही. विदर्भाच्या उत्तर कडेला, सातपुड्याच्या रांगांत, या कुळाचे प्रतिनिधित्व मुख्यतः तीन रानझाडे करतात : चार, बिब्बा आणि मोई. चाराची चारोळी बासुंदीत, श्रीखंडात आणि करंजीच्या सारणात पडते. बिब्ब्याची गोडंबी डिंकाच्या लाडवात जाते. मोई बाजारात फारशी येत नाही, पण तिच्यावर कुंपणे उभी राहतात.

या झाडांवरचे संशोधन दोन प्रश्नांभोवती फिरते. रानात ती टिकतात कशी, आणि शेतात आणता येतात का? बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात या दोन प्रश्नांना तिसरा येऊन मिळतो : फळ पिकेपर्यंत थांबणे कोणाला परवडते? पहिल्या दोन प्रश्नांची बरीच उत्तरे प्रयोगशाळांनी आणि रोपवाटिकांनी दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर गावाला द्यावे लागते, आणि त्याच्यावरच पहिली दोन्ही अवलंबून आहेत.

डोंगर, बझाडा आणि खारपाणपट्टा

जळगाव जामोद तालुका उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातो. उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेवर सातपुड्याचे डोंगर आहेत. भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल, चारबन ही आदिवासी वस्तीची गावे त्या बाजूची. भिलाला, बारेला, निहाल आणि कोरकू समाजाची माणसे तिथे राहतात. डोंगर संपतात तिथे दगडगोट्यांचा आणि भरड गाळाचा एक पट्टा लागतो. भूजलशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून धावत आलेले नाले या पट्ट्यात शिरले की त्यांचे पाणी जमिनीत झपाट्याने मुरते. त्या भूजलावरच पायथ्याच्या संत्राबागा उभ्या आहेत. आणखी दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन आणि खारपाणपट्टा आहे. इथे विहिरीचे पाणी खारट लागते आणि कपाशी, तूर, सोयाबीन प्रामुख्याने पावसावरच येतात.

झाडांची विभागणीही या तीन पट्ट्यांप्रमाणेच झालेली आहे. डोंगरात कोरडे पानझडी जंगल आहे. साग, सालई, धावडा, तिवस, तेंदू, मोह यांच्या जोडीने चार आणि बिब्बा तिथे आढळतात. मोई डोंगरातही आहे आणि पायथ्याच्या गावांभोवतीही. काळ्या जमिनीत उतरल्यावर चार दिसेनासा होतो. पाणी साचणारी चिकण माती आणि क्षार त्याला मानवत नाहीत. जिल्ह्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांनी केली. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ बुलढाणा डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2000 मध्ये प्रसिद्ध केला. शेजारच्या मेळघाटासाठी एम. ए. ढोरे आणि पी. ए. जोशी यांचे असेच काम 1988 मध्ये आले होते. पूर्वेला लागून असलेल्या संग्रामपूर तालुक्यात 1997 मध्ये घोषित झालेले अंबाबरवा अभयारण्य आहे. सातपुड्याच्या या रांगेतून जंगल पुढे मेळघाटाकडे जाते.

खडकावरचे झाड

चार ओळखायला साल पुरेशी आहे. जुन्या झाडाची साल काळपट करडी असते आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांत तडकलेली असते. खवला उचकटला तर आत लालसर रंग दिसतो. पाने जाड, चिवट, टोकाला गोलसर असतात आणि मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना सरळ समांतर शिरा निघतात. झाड साधारण 10 ते 15 मीटरपर्यंत वाढते. मुरमाड उतार, उथळ माती, खडकाच्या फटी अशा जागी, जिथे साग खुरटतो, तिथेही चार तग धरतो. त्याची मुळे खोल जातात आणि तोडलेल्या खोडालाच नव्हे तर मुळांनाही फुटवे येतात. सुमाकांची ही सवय चारातही आहे, आणि डोंगरउतारावर तीच त्याला वाचवते.

जानेवारी ते मार्च या काळात फांद्यांच्या टोकांना हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे घोस येतात. मधमाश्या आणि माश्या त्यांच्यावर गर्दी करतात. एका घोसात शेकडो फुले असली तरी फळे थोडीच धरतात. मग हिरवी, मसूरडाळीच्या आकाराची पण तिच्याहून मोठी, साधारण सेंटिमीटरभर फळे फुगू लागतात. एप्रिल-मेमध्ये ती जांभळट काळी होतात. पिकलेल्या फळाचा गर आंबटगोड असतो. गराखाली टणक कवच असते आणि कवचात एकच दाणा. बाजारात ज्याला चारोळी म्हणतात तो हा दाणा.

फळ पिकण्याचा हा काळ जंगलात अन्नपाण्याच्या ओढीचा असतो. नाले आटलेले असतात, सागाची पाने गळून पडलेली असतात. अस्वलासाठी मोह, तेंदू, चार आणि जांभूळ या क्रमाने येणारी फुले-फळे म्हणजे उन्हाळ्याचा आधार. पक्षीही गराच्या लोभाने फळे गिळतात. कवच टणक असल्याने दाणा पोटातून सुखरूप बाहेर पडतो आणि आईच्या सावलीपासून दूर जाऊन रुजण्याची संधी त्याला मिळते. झाडाने गर द्यायचा आणि प्राण्याने बी पोचवायचे, असा हा व्यवहार आहे. मात्र तो पिकलेल्या फळावरच होतो. कच्च्या फळाला ना गोडी असते, ना त्यातल्या दाण्याला रुजण्याचे बळ.

रुजलेल्या रोपापुढे दोन संकटे असतात : आग आणि चराई. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत सातपुड्यात सर्वत्र आहे. स्वच्छ जमिनीवर फुले सहज दिसतात, म्हणून ही पद्धत पडली. पण वाऱ्याने आग पसरली की वर्ष-दोन वर्षांची रोपे जमिनीपर्यंत जळतात. त्यातली काही मुळातून पुन्हा फुटतात, पण पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आग येते. अशा रानात जुने चार दिसतात, मधल्या वयाची झाडे कमी आणि लहान झाडे त्याहून कमी. जंगलाची तब्येत जोखताना वनसंशोधक झाडांची संख्या मोजून थांबत नाहीत, प्रत्येक जाडीच्या गटात किती झाडे आहेत ते पाहतात. कोवळ्या गटातली पोकळी ही वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या टंचाईची आजची खूण असते.

कच्ची तोड

चारोळीच्या बाबतीत मध्य भारतातल्या सगळ्या अभ्यासांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते : फळे पिकण्याआधी तोडली जातात. कारण उघड आहे. जंगल सगळ्यांचे असते तेव्हा झाडही सगळ्यांचे असते. आज आपण थांबलो तर उद्या दुसरा येऊन फळे नेणार, ही भीती प्रत्येक घराला असते. त्यात एप्रिल-मे हा हातात पैसा नसण्याचा काळ. रब्बी विकून झालेली असते, खरिपाच्या बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव डोक्यावर असते. त्याच सुमारास व्यापाऱ्याची गाडीही पायथ्याच्या बाजारात येते. मग पंधरा-वीस दिवस आधीच टोपल्या भरू लागतात.

तोडण्याची पद्धतही बदलते. पिकलेले फळ फांदी हलवली की पडते आणि खाली पसरलेल्या लुगड्यावर किंवा ताडपत्रीवर गोळा होते. कच्चे फळ देठाला घट्ट असते. ते काढायला आकडीने फांदी ओढावी लागते, आणि उंचावरच्या घोसासाठी कुऱ्हाडीने फांदीच उतरवली जाते. फुलोरा फांद्यांच्या टोकांवर येत असल्यामुळे तोडलेली फांदी पुढच्या वर्षीचे, आणि त्याच्या पुढच्याही वर्षीचे फळ घेऊन जाते.

यात तोटा तिघांचाही आहे. कच्च्या फळातला दाणा भरलेला नसतो. वाळल्यावर तो सुरकुततो, तेल कमी निघते आणि बाजारात त्याला दुय्यम भाव मिळतो. जंगलाला बी मिळत नाही. अस्वलाच्या वाट्याचे फळ गेल्यामुळे ते गावाच्या जवळ सरकते. पिकलेल्या चारोळीच्या दाण्यात सुमारे निम्मे वजन तेलाचे आणि साधारण पाचवा भाग प्रथिनांचा असतो. या दोन्हींचा भरणा पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यातच होतो, म्हणून तोडणाऱ्याला पंधरा दिवसांची घाई महागात पडते.

याच दिवसांत तालुक्याच्या सपाटीवर भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडून त्याभोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसा-पिकाचे भाकीत सांगतात. ते ऐकायला विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातून शेतकरी येतात. खालच्या काळ्या मातीतला शेतकरी येत्या पावसाचा अंदाज बांधत असतो, तेव्हाच डोंगरातली कुटुंबे उन्हाळ्यातल्या रोख पिकाला हात घालत असतात. पुढच्या महिन्याच्या खर्चाची चिंता दोघांनाही असते.

फळापासून दाण्यापर्यंत

घरी आणलेली फळे आधी पाण्यात भिजत घालतात. रात्रभरात गर सैल होतो. सकाळी ती टोपलीत किंवा खरखरीत गोणपाटावर चोळली की गर आणि साल निघून जाते. स्वच्छ धुतलेल्या बिया उन्हात वाळवतात. त्या पुरेशा वाळल्या नाहीत तर कवचाखाली बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो, त्यामुळे ही पायरी घाईने उरकता येत नाही. वाळलेली बी बोटांत खुळखुळली आणि दाताखाली कडकन फुटली की फोडायला तयार झाली असे समजतात.

फोडण्याचे काम दगडी जात्यावर होते. जात्याच्या दोन पाळ्यांतले अंतर असे ठेवावे लागते की कवच दोन शकलांत उकलेल, पण आतला दाणा भरडला जाणार नाही. त्यासाठी मधल्या खुंट्याला चिंधी गुंडाळून वरची पाळी किंचित उचलतात. भरड बाहेर पडली की सुपाने पाखडतात. हलकी टरफले पुढे उडतात, दाणे मागे राहतात आणि न फुटलेल्या बिया पुन्हा जात्यात जातात. फुटका दाणा कमी भावात जातो, म्हणून हात सराईत असावा लागतो. आता कवच फोडणारी छोटी यंत्रेही निघाली आहेत. यंत्राचा खरा फायदा वेगापेक्षा प्रतवारीत आहे. बिया चाळणीने सारख्या आकाराच्या करून घातल्या, तर अखंड दाण्याचे प्रमाण वाढते.

बहुतेक कुटुंबे मात्र फोडण्याआधीच, कवचासकट बी विकतात. मध्य भारतात मिठाच्या बदल्यात चारोळी देण्याचे दिवस फार जुने नाहीत. बस्तरमध्ये हा व्यवहार सर्रास चाले. केंद्र सरकारने 2013-14 पासून गौण वनोपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली आणि 2020 च्या सुधारणेत कवचासह चारोळी बीची किंमत किलोला 126 रुपये ठरवली. ही किंमत तळ म्हणून कामी येते, पण तिचा आधार घेण्यासाठी जवळ खरेदी केंद्र असावे लागते. दाणा काढून विकला तर किलोमागे हाती येणारी रक्कम कितीतरी वाढते. जात्यावरच्या दोन दिवसांच्या कष्टाचे मोल त्या फरकात असते, आणि बी तशीच विकली की ते मोल गावाबाहेर जाते.

बिब्बा : औषध, चटका आणि गोडंबी

बिब्ब्याची पाने हातभर लांब होतात आणि फांद्यांच्या टोकाला झुपक्याने येतात. फुलोरा पावसाळ्यात येतो, फळे हिवाळ्यात पिकतात. फळाची रचना काजूच्या बोंडासारखी : वर नारिंगी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळी चकचकीत बी. बोंड भाजून किंवा वाळवून खातात. काळ्या बीच्या आत पांढरा दाणा असतो, तीच गोडंबी. दाणा आणि बाहेरची साल यांच्या मध्ये जो काळा चीक असतो, त्याच्यामुळे बिब्ब्याला लोक दबकून असतात.

हा चीक अंगाला लागला तर बिब्बा उततो. लगेच काहीच होत नाही. दिवसा-दोन दिवसांनी खाज सुटते, कातडी लाल होते आणि फोड येतात. चिकातल्या मुख्य द्रव्याला भिलावनॉल हे नाव मिळाले. पी. पी. पिल्ले आणि सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी 1931 मध्ये बिब्ब्याच्या रसायनांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. जपानी रोगणाच्या झाडातले आणि अमेरिकी पॉयझन आयव्हीतले उरुशिऑल हे याच घडणीचे द्रव्य आहे. कातडीतल्या प्रथिनांना ते चिकटते, शरीराच्या रक्षक पेशी त्याला परके समजतात आणि त्या पेशींच्या हल्ल्यातून फोड येतात. म्हणून पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी त्रास जास्त होतो. चीक लागल्यावर लगेच साबण-पाण्याने धुणे हाच खरा उपाय आहे, कारण द्रव्य कातडीत मुरल्यावर धुण्याचा उपयोग उरत नाही. गावात खोबरे आणि तीळ लावतात व खायला देतात.

याच चिकाने धोबी पिढ्यानपिढ्या कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करत आले. आयुर्वेदात भल्लातक मोलाचे औषध मानले जाते, पण ते शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. विटेच्या चुऱ्यात घासून त्यातले तेल शोषून घेतात, मग धुऊन दुधात उकळतात. शेतकऱ्याच्या भेगाळलेल्या टाचेवर गरम बिब्ब्याचे तेल लावण्याचा उपायही जुना. दारावर लिंबू-मिरचीसोबत ओवलेला बिब्बा तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारपेठेत दिसतो.

गोडंबी काढण्याचे काम मात्र अवघड आहे. अकोला, वाशीम, बुलढाणा या भागात ते प्रामुख्याने बायका करतात. वाळवलेली बी दगडावर उभी धरायची, लोखंडी तुकड्याने नेमका घाव घालायचा, कवच उकलायचे आणि दाणा न तुटता काढायचा. प्रत्येक घावाला चिकाचा बारीक शिंतोडा उडतो. हाताला तेल किंवा राख लावतात, बोटांना चिंध्या बांधतात, तरी बोटांची टोके काळी पडतात, कातडी सोलवटते, चेहऱ्यावर डाग पडतात. उन्हाळ्यात घामामुळे त्रास वाढतो. लाडवातली गोडंबी महाग का, याचे उत्तर त्या बोटांवर लिहिलेले असते.

कोकणात काजूप्रक्रियेने हाच प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. काजूच्या कवचातही असेच दाहक तेल असते. तिथे बी आधी वाफवतात किंवा भाजतात, तेल वेगळे काढून विकतात आणि कवच कापायला पायाने चालणारी कटर यंत्रे वापरतात. बिब्ब्यासाठी अशी सोपी, स्वस्त, गावात दुरुस्त होणारी यंत्रे आणि हातमोजे पुरवणे हे कृषी अभियांत्रिकीचे काम आहे. चारोळीपेक्षाही त्याची निकड बिब्ब्याला जास्त आहे, कारण इथे कष्टाबरोबर इजाही होते.

मोई : मुकाट झाड

मोईकडे फारसे कोणी संशोधक वळत नाहीत. तिचे फळ लहान आणि बिनमोलाचे, लाकूड हलके. पण पायथ्याच्या शेतांभोवती मनगटाएवढ्या जाडीच्या मोईच्या फांद्या रोवल्या की त्यांना मुळे फुटतात आणि दोन पावसाळ्यांत कुंपण जिवंत होते. पाने शेळ्यांना चालतात. खोडातून झिरपणारा डिंक गोळा करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर एक पान नसताना तिला फुलोरा येतो, आणि तेव्हा मधमाश्यांना इतर फुले कमीच असतात. बझाडा पट्ट्यातल्या नाल्याकाठी मोईचे जिवंत कुंपण माती धरून ठेवते आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरायला वेळ देते. शेतीला तिचा उपयोग एवढाच आहे, पण तो कायमचा आहे.

कवच आणि कलम

चार शेतात आणायचा म्हटले की पहिली अडचण उगवणीची येते. बी वेचल्यावर ठेवून दिली तर काही महिन्यांत ती रुजण्याची ताकद गमावते. त्यात कवच इतके टणक की त्याच्या आतला अंकुर पाण्याची वाट पाहत मरतो, नाहीतर बुरशीला बळी पडतो. म्हणून रोपवाटिकेत ताजी, पूर्ण पिकलेली बी घेतात आणि कवच हलक्या हाताने तडकवतात. दाण्याला इजा होऊ न देता फक्त फट पडली पाहिजे. मग बुरशीनाशक लावून पावसाच्या तोंडावर पिशवीत पेरणी होते. खुल्या वाफ्यातून रोप उपटून लावले तर सोटमूळ तुटते आणि ते जगत नाही, म्हणून लांब पिशवीच लागते.

दुसरी अडचण भरवशाची. बियापासून आलेले झाड फळाला येईपर्यंत बरीच वर्षे जातात, आणि त्याची फळे आईसारखी निघतील याची हमी नसते. बिब्बा आणि मोई यांत तर नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. बियापासून लावलेल्या बिब्ब्यापैकी कोणते झाड फळे देणार हे फुले आल्याशिवाय कळत नाही. यावर उपाय एकच, कलम.

मृदुकाष्ठ कलम हे तंत्र आंबा-काजूत रुळलेले आहे. जोमाने वाढणाऱ्या रोपाचा कोवळा शेंडा छाटून खोडात उभी चीर देतात. निवडक झाडावरची जुळत्या जाडीची काडी आठ-दहा दिवस आधी पाने काढून तयार ठेवलेली असते. तिला पाचरीचा आकार देऊन त्या चिरेत बसवतात, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात आणि वर पिशवीची टोपी घालतात. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या दमट हवेत ही कलमे चारातही धरतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या गुजरातमधल्या वेजलपूर (गोध्रा) येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्राने रानातली झाडे तपासून, त्यातून निवड करून ‘थार प्रिया’ हा चारोळीचा वाण दिला आहे. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेचे कार्यक्षेत्र मध्य प्रदेशासोबत महाराष्ट्रातही आहे, आणि चारोळीची रोपे तयार करण्यावर व झाडाला इजा न करता फळे काढण्यावर तिथे काम झाले आहे.

याच कुळातल्या काजूचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. पोर्तुगिजांनी आणलेला काजू शतकानुशतके कोकणात बियापासूनच वाढत होता. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने चांगली झाडे निवडली, संकर केले, ‘वेंगुर्ला 4’ आणि ‘वेंगुर्ला 7’ सारखे वाण दिले आणि कलमांचा पुरवठा सुरू केला. रोपवाटिका, वाण आणि प्रक्रिया यांची साखळी तयार झाल्यावरच काजू बागेचे पीक झाला. चारोळीची साखळी आता कुठे सुरू होते आहे.

बांधावर की रानात

जळगाव जामोदमध्ये चार कुठे लावायचा हे जमिनीने जवळजवळ ठरवून दिले आहे. खारपाणपट्ट्यात नको. बझाड्यातल्या संत्राबागेच्या जागेवरही नको, कारण तिथली जमीन आणि पाणी महाग आहे. डोंगरपायथ्याच्या हलक्या, मुरमाड शेतांचे बांध आणि पडीक उतार ही त्याची जागा. तिथे दोन-तीन उन्हाळे रोपाला माठाने किंवा ठिबकने पाणी दिले आणि शेळ्यांपासून जपले की पुढे ते स्वतःच्या मुळांवर उभे राहते. त्याच्या सावलीने ज्वारी-तुरीच्या उत्पन्नावर किती परिणाम होतो, कोणत्या दिशेच्या बांधावर तो कमी होतो, या गोष्टी स्थानिक प्रयोगांतून ठरवाव्या लागतील. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून याच हवामानाच्या शेतीवर काम करत आहे आणि त्याचे नागार्जुन वनौषधी उद्यान औषधी वनस्पतींसाठी आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत चार-बिब्ब्याच्या चाचण्या ते घेऊ शकते.

बांधावर चार आला म्हणून रानातला चार बिनकामाचा ठरत नाही. उलट कलमासाठी काडी रानातल्या जातिवंत झाडावरूनच येते. कोणते झाड दरवर्षी फळते, कोणाचा दाणा मोठा, कोणाचे कवच पातळ, ही निवड करायला रानात विविधता शिल्लक असावी लागते. एकाच वाणाची कलमे सगळीकडे लावली आणि रानातली झाडे संपू दिली, तर पुढची निवड करायला काही उरणार नाही. म्हणून चांगल्या झाडांची ओळख पटवून, त्यांना खुणा करून ती जागेवरच राखणे हे संशोधनाचे पहिले काम आहे. ही माहिती संशोधकाकडे नसते. दरवर्षी त्या झाडाखाली टोपली घेऊन जाणाऱ्या बाईकडे ती असते.

हक्क आणि तारीख

2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क वनवासी समाजाला दिला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाला आपले जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे नियम करण्याचा अधिकारही त्यात आहे. बुलढाणा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथल्या डोंगरगावांना लागू नाही. म्हणून वनहक्क कायद्याचे महत्त्व इथे अधिक आहे.

चारोळीच्या दृष्टीने या हक्काचा अर्थ ठोस आहे. जंगल सगळ्यांचे म्हणून कोणाचेच नाही अशी स्थिती असते तेव्हा थांबणारा हरतो. जंगल एका ठरावीक गावाचे असते तेव्हा ग्रामसभा तोडणीची तारीख ठरवू शकते. गोंड समाजात हा रिवाज पूर्वीपासून आहे. बस्तरमध्ये मरका पंडुम हा सण झाल्याशिवाय नवा आंबा खात नाहीत, त्यामुळे फळाला पिकायला वेळ मिळतो. तारीख ठरली की प्रत्येक घराला थांबणे परवडते, कारण शेजारीही थांबलेला असतो.

सातपुड्याच्याच पायथ्याशी, अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने हे करून दाखवले. 2012 मध्ये 192 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने उजाड झालेली जमीन राखली, पाणी अडवले आणि तिथल्या सीताफळांची विक्री स्वतः हाती घेतली. 2014 मध्ये या गावाला जैवविविधता संवर्धनाचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. सीताफळ आणि चारोळी ही वेगळी फळे आहेत, पण दोन्हींचा प्रश्न एकच आहे : तोडणी कधी, विक्री कोणाकडून आणि पैसा कोणाच्या हाती.

जळगाव जामोदच्या डोंगरगावांना यातून एक साधा क्रम घेता येतो. ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवावी आणि फांदी तोडण्यावर बंदी घालावी. दर काही झाडांमागे एक झाड बियाण्यासाठी आणि जंगली प्राण्यांसाठी न तोडता ठेवावे. मोहाखालची आग थांबवून, झाडाखाली जाळी किंवा कापड पसरून फुले गोळा करावीत. गावात एक-दोन फोडणी यंत्रे आणि वाळवणासाठी सिमेंटचे ओटे असावेत, म्हणजे बी बाहेर न जाता दाणा बाहेर जाईल. खरिपाच्या तोंडावर व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागू नये म्हणून बचतगटाने वेचणीच्या आधी थोडी रक्कम द्यावी आणि विक्रीतून ती वळती करून घ्यावी. बिब्बा फोडणाऱ्या बायकांना हातमोजे आणि कटर यंत्र मिळावे. रोपवाटिकेने त्याच डोंगरातल्या खूण केलेल्या झाडांवरून काड्या आणून कलमे करावीत आणि ती पायथ्याच्या बांधांवर द्यावीत.

यातली कोणतीही गोष्ट अवघड तंत्राची नाही. कवच कसे तडकवायचे, कलम कसे बांधायचे, दाणा केव्हा भरतो हे ठाऊक झाले आहे. जुळवायचे आहे ते हे ज्ञान आणि त्या जंगलावरचा हक्क. हक्क असलेले गाव पिकेपर्यंत थांबते. थांबणाऱ्या गावाचा दाणा भरलेला निघतो, त्याच्या जंगलात नवी रोपे दिसतात आणि शेतात लावायला त्याच्याकडे जातिवंत काडी असते. म्हणून चार आणि बिब्ब्यावरच्या पुढच्या संशोधनाची सुरुवात या ग्रामसभांपासून व्हायला हवी.